गाव तिथे महारवाडा

चिनी भाषेत 'सापाला पाय काढणे' असा एक जुना वाक्प्रचार आहे. त्याची गोष्ट प्राचीन ग्रंथात नोंदलेली आहे: सापाचे चित्र जो आधी पुरे करील त्याला मद्य मिळायचे होते, एकाने वेळ उरला म्हणून सापाला पायही काढले आणि मद्य दुसऱ्याने पटकावले. आम्हांला शाळेत म्हणींचा अर्थ तेवढा मिळाला, गोष्ट कोणी सांगितली नाही. 'गाव तिथे महारवाडा' म्हणजे चांगल्याबरोबर वाईट असायचेच, पाठ करा! महारवाड्यातून आलेली पोरेही ते पाठ करीत.

वास्तविक ही म्हण म्हणजे गावगाड्याची साधी नोंद आहे. शिवेचा तंटा निघाला की साक्ष महाराची. वसुलाची रक्कम खजिन्यात पोचवायची महाराने, मयताचा सांगावा पायी न्यायचा महाराने, मेलेले ढोर ओढायचेही महारानेच. ही माणसे वेशीबाहेर वसवल्याखेरीज गाव चालतच नसे. म्हणजे गावाच्या गरजेचे हे विधान. त्याला डागाचा अर्थ चिकटला, कारण अर्थ सांगणाऱ्यांची घरे वेशीच्या आत होती.

'पाटलाचे घोडे, महाराला भूषण' ही दुसरी. परक्याच्या वैभवाचा तोरा, असा तिचा अर्थ लावतात. पण त्या घोड्यामागे राबत कोण होते? भूषण कसले, वेठच ती. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले ते अशाच राबणुकीविरुद्ध. तिकडचे वतन कायद्याने गेले ते १९५८ मध्ये. म्हणी रद्द करणारा कायदा मात्र कोणी केला नाही.

आमच्या नागपूरकडे एक शब्द लोकांनीच रद्द केला. 'जोहार मायबाप' हा नमस्कार एकाच दिशेने चाले, खालून वर. त्याच्या जागी 'जय भीम' रुजवण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास एल. एन. (१९०४-१९३९) यांना दिले जाते. विडी कामगारांची संघटना बांधणारा आणि १९३७ मध्ये प्रांतिक विधानसभेवर निवडून गेलेला हा माणूस पस्तिशीतच गेला. 'जय भीम'ला उत्तर 'जय भीम'च. वाकावे लागत नाही.

माझ्या आजीच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत दोन्ही होते. वाटेत पाटील दिसला की जोहार, वस्तीत शिरली की जय भीम.