चार रुपये महिना

आमच्या अणदूरकडे कुस्ती आणि पैसा यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नाही. यात्रेच्या फडात बारकी पोरं रेवड्यांवर धरतात, मोठी जोडी हजारांवर. जिंकलेला पैलवान इनामाच्या नोटा हातात धरून फडभर फिरतो आणि लोक खुशीने आणखी घालतात. क्रिकेटचं मात्र तसं नव्हतं. इंग्लंडमध्ये खेळाचे पैसे घेणारा ‘प्लेयर’, न घेणारा ‘जंटलमन’. ही विभागणी थेट १९६२ पर्यंत चालली!

हे डोक्यात आलं ते चार्ल्स फॉलिसबद्दल वाचताना. अमेरिकन फुटबॉल (म्हणजे ते हेल्मेटवालं, अंगावर धावून जाण्याचं) पैसे घेऊन खेळणारा पहिला ज्ञात कृष्णवर्णीय खेळाडू. १९०४ साली ओहायोतल्या शेल्बी गावच्या संघाने त्याच्याशी करार केला. तो तिथे हार्डवेअरच्या दुकानात कामालाही होता. १९०६ मध्ये दुखापतीमुळे फुटबॉल सुटला आणि १९१० साली, एकतिसाव्या वर्षी, न्युमोनियाने गेला. त्याचा एक जुना सहकारी ब्रँच रिकी. याच रिकीने पुढे जॅकी रॉबिन्सनला मोठ्या बेसबॉलमध्ये आणलं.

वाचता वाचता मला सारखे आठवत होते आपले बाळू पालवणकर. जन्म १८७६, धारवाड. वडील लष्करात, जात चांभार, म्हणजे त्या काळी अस्पृश्य. पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायला आणि रोलर फिरवायला लागले, पगार तीन रुपये महिना. १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले, तिथे चार रुपये. काम काय? रोलर, जाळी लावणं, टेनिस कोर्टाच्या रेघा मारणं. आणि साहेब सरावाला आले की त्यांना गोलंदाजी करणं.

मला नेमकं इथेच थांबावंसं वाटतं. डावखुरा फिरकी गोलंदाज घडत होता तो नोकरच्या कामात. पगार झाडूचा आणि रोलरचा, कसब वरकड. जे. जी. ग्रेग हा नावाजलेला फलंदाज तासभर आधी येऊन बाळूंकडून सराव करून घ्यायचा. बाद झाला की दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. खरं असेल तर आठ विकेटी म्हणजे एका महिन्याचा पगार! बॅट मात्र त्यांच्या हाती कधी दिली नाही. फलंदाजी साहेबांची, घाम गाळणं नोकरांचं.

मग पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, तेव्हा बाळूंची आठवण झाली. बरीच कुरकुर होऊन संघात घेतलं. मैदानात चेंडू एकच, तो सगळ्यांनी हाताळायचा. चहाच्या वेळी मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर मातीच्या भांड्यात चहा, जेवण वेगळ्या टेबलावर. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

पुढे मुंबईला हिंदू जिमखाना आणि रेल्वेत नोकरी. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, त्या संघात ते होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात हा भारतीय संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले. हिंदू संघाचं कर्णधारपद मात्र त्यांना कधी रीतसर दिलं नाही. ते १९२३ साली धाकट्या भावाला, विठ्ठलला, मिळालं.

आणि एक गोष्ट, जिच्यावर आमच्या घरात अजून वाद होतो. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत डॉ. आंबेडकरांविरुद्ध बाळूंनाच उभं केलं. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. काकांच्या मते त्यांनी उभंच राहायला नको होतं. मला वाटतं, काँग्रेसने त्यांना पुन्हा एकदा जिंकण्यापुरतंच बोलावलं, पुण्याच्या त्या क्लबासारखंच. यावर काका चिडतात.

४ जुलै १९५५ ला बाळू पालवणकर गेले.