कोंबडी व बदक : पाळणाऱ्याशी वागणूक

कोंबडी आणि बदक हे दोन्ही कळपाने राहणारे पक्षी आहेत. घरी पाळल्यावर ते माणसाच्या मागे मागे फिरतात, त्याच्यापुढे बसकण मारतात, चोच मारतात, अंगावर धावून येतात किंवा हात पुढे होताच पळ काढतात. या वागण्यासाठी त्यांच्याकडे माणसाकरिता राखून ठेवलेली वेगळी रीत नसते. आपल्या जातीच्या पक्ष्यांशी जे हावभाव आणि ज्या हाका ते वापरतात, त्याच माणसापुढेही वापरतात. त्यांच्या लेखी माणूस कधी आई असतो, कधी कोंबडा, कधी प्रतिस्पर्धी आणि पुष्कळदा शिकारी जनावर. यांपैकी काय, हे पक्ष्याचे वय, नर-मादी, हंगाम आणि त्या माणसाच्या हाताचा आजवरचा अनुभव यांवर ठरते.

दोन्ही पक्ष्यांच्या स्वभावातला मूळ फरक त्यांच्या रानटी पूर्वजांकडून आला आहे. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे दक्षिण व आग्नेय आशियातल्या जंगलांच्या कडेने राहणारा लाल रानकोंबडा. झुडपांखाली उकरून खाणे, धोका दिसताच जो तो वाट फुटेल तिकडे आडोशाला शिरणे आणि रात्री उंच फांदीवर बसणे ही त्याची रीत. बहुतेक पाळीव बदके मॅलार्ड या हिरव्या डोक्याच्या रानबदकापासून आली. उघड्या पाण्यावर आडोसा नसतो, तिथे एकमेकांना चिकटून राहण्यातच सुरक्षितता असते. म्हणून घाबरलेली बदके एकत्र गोळा होतात आणि एका दिशेला चालू लागतात, तर घाबरलेल्या कोंबड्या पांगतात. केरळात कुट्टनाडमध्ये भाताची कापणी झाली की बदकांचे मोठे कळप मोकळ्या शेतांत चारायला नेतात आणि लांब काठी हातात घेतलेली एक-दोन माणसे ते सहज हाकतात. कोंबड्या अशा हाकता येत नाहीत. त्यांना दाण्याने बोलवावे लागते, किंवा अंधार पडला की त्या आपण होऊन खुराड्यात शिरण्याची वाट पाहावी लागते. मस्कोव्ही ही बदकाची जात दक्षिण व मध्य अमेरिकेतल्या वेगळ्या पूर्वजाची आहे. ती झाडावर बसते, तिचा आवाज फुसफुसल्यासारखा असतो आणि कळप धरून चालण्याची तिची सवय मॅलार्डच्या वंशजांपेक्षा सैल असते.

माणसाशी जवळीक जुळण्याची सर्वांत प्रभावी वेळ अंड्यातून बाहेर पडल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांत येते. पिल्लू जी हलती वस्तू प्रथम पाहते तिच्या मागे जाऊ लागते आणि पुढे तिलाच धरून राहते. मनावर असा कायमचा ठसा बसण्याला इम्प्रिंटिंग म्हणतात. डग्लस स्पॉल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने 1873 मध्ये कोंबडीच्या पिल्लांबाबत याचे वर्णन केले. ऑस्ट्रियाचे कोनराड लोरेन्झ यांनी 1935 मध्ये त्याची सविस्तर मांडणी केली. प्राणिवर्तनावरील कामासाठी लोरेन्झ यांना 1973 चे नोबेल पारितोषिक निकोलास टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासमवेत मिळाले. अमेरिकेत एकहार्ड हेस यांच्या प्रयोगांत मॅलार्डच्या पिल्लांवर हा ठसा जन्मानंतर साधारण 13 ते 16 तासांच्या सुमारास सर्वांत पक्का बसत असल्याचे दिसले.

बदकाच्या बाबतीत नुसते दिसणे पुरत नाही. लोरेन्झ यांच्या मागे हंसाची पिल्ले विनातक्रार चालत, पण मॅलार्डची पिल्ले त्यांना घाबरून दूर जात. त्यांनी मादीसारखा क्वॅक-क्वॅक आवाज काढून पाहिला तेव्हा पिल्ले मागे येऊ लागली. तेही ते खाली बसून सरपटत पुढे जात असतील तरच. उठून उभे राहिले किंवा आवाज थांबला की पिल्ले रडू लागत. पुढे गिल्बर्ट गॉटलिब यांनी दाखवून दिले की बदकाचे पिल्लू अंड्यात असतानाच स्वतःचे व शेजारच्या अंड्यांतले आवाज ऐकत असते, आणि मादीची हाक ओळखण्याची तयारी त्यातूनच होते. उबवणी यंत्रातून निघालेल्या पिल्लांशी हलक्या आवाजात सतत बोलणारा आणि त्यांच्याजवळ खाली बसणारा माणूस त्यांना लवकर आपला वाटतो, त्याचे कारण यातच आहे. पिल्लांचा आवाज हीच त्यांची खबर असते. एकटे पडलेले, भुकेले किंवा थंडीने गारठलेले पिल्लू तीव्र, खाली उतरत जाणाऱ्या सुरात ओरडत राहते. ऊब आणि सोबत मिळाली की तेच पिल्लू बारीक, वर चढणाऱ्या सुरात किलबिलते.

या ठशाची दुसरी बाजू पाळणाऱ्यांनी लक्षात घेतलीच पाहिजे. एकुलते एक पिल्लू माणसाच्या हातावर वाढवले तर ते माणसाळते खरे, पण आपल्या जातीत मिसळणे त्याला जड जाते. बदकाचा असा वाढलेला नर मोठा झाल्यावर मादीसमोर करायचे हावभाव माणसाच्या पायांपुढे करू लागतो. दोन-तीन पिल्ले एकत्र वाढवली तर ती माणसाला ओळखतात आणि पक्षी म्हणूनही नीट वाढतात. मुलांच्या हौसेखातर एकच पिल्लू आणणे हा त्या पिल्लावर अन्यायच आहे. कोंबडीखाली बदकाची अंडी उबवण्याची पद्धत भारतात जुनी आहे. तिथे हाच ठसा कोंबडीवर बसतो, आणि पिल्ले पाण्यात उतरली की कोंबडी काठावर अस्वस्थपणे कुकवत फिरते.

मोठ्या कोंबडीच्या आयुष्यात माणसाची ओळख प्रामुख्याने दाण्याशी जोडलेली असते. कोंबड्याला चांगले खाणे सापडले की तो ते स्वतः गिळत नाही. मान वर-खाली झटकत, दाणा चोचीत उचलून पुन्हा टाकत तो जलद टुक-टुक आवाज काढतो. ते ऐकून कोंबड्या धावत येतात आणि दाणा टिपतात. रोज ठरावीक वेळी दाणे टाकणारा माणूस हेच काम करत असतो. त्यामुळे डब्याचा खुळखुळाट, फाटकाची कडी किंवा त्याची नेहमीची हाक कानावर पडली की सारा कळप त्याच्या पायांशी जमतो. चप्पल, अंगठी, शर्टाचे बटण, पायाच्या बोटाचे नख यांवर पडणारी हलकी टोच हा राग नव्हे. हात नसलेल्या पक्ष्याला वस्तू तपासायला चोच हेच साधन असते. रागाची टोच वेगळी असते. मान ताठ होते, मानेवरची पिसे फुलतात आणि चोच वरून खाली जोराने येते.

कळपात कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी बाजूला व्हायचे याची उतरंड असते. नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डरुप-एब्बे यांनी लहानपणापासून केलेल्या कोंबड्यांच्या निरीक्षणांतून 1920 च्या दशकाच्या आरंभी ती मांडली. दाणे एकाच जागी टाकले की खालच्या पायरीवरची कोंबडी कडेला उभी राहते. तिला माणसाचे भय वाटत असेलच असे नाही, तिचे लक्ष वरचढ कोंबडीकडे असते. दाणे दूरवर फेकले किंवा दोन ठिकाणी ठेवले की हीच 'बुजरी' कोंबडी जवळ येते.

अंड्यावर येऊ घातलेली तलंग माणसाने हात पुढे केला की एकाएकी पळायची थांबते. ती जागच्या जागी दबते, पाठ सपाट करते, पंख अंगापासून किंचित सुटे धरते आणि पाय घट्ट रोवते. हात बाजूला झाला की उठून सगळी पिसे फडफडवते आणि काही झालेच नाही अशा थाटात निघून जाते. कोंबड्यापुढे घ्यायची ही बैठक आहे. जवळ कोंबडा नसलेल्या कळपात ती माणसापुढे जास्त दिसते. ती लळ्याची खूण मानणे चूक, निव्वळ भीतीची मानणेही अपुरे. तिचा भरवशाचा अर्थ एवढाच की अंडी काही दिवसांवर आली आहेत. अशा वेळी कोंबडी हातात घेणे सर्वांत सोपे असते.

खुडूक कोंबडीचे वागणे याच्या अगदी उलट असते. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढले की ती अंड्यांवर चिकटून बसते, पिसारा फुलवते, खालच्या आवाजात गुरगुरते आणि रोज जिच्या हातून दाणा खाल्ला त्याच मालकिणीच्या हाताला कडकडून चावते. कोंबडीचा उबवणीचा काळ 21 दिवसांचा, मॅलार्डच्या वंशातल्या बदकांचा सुमारे 28 आणि मस्कोव्हीचा सुमारे 35 दिवसांचा. पिल्ले मोठी झाली की कोंबडी पुन्हा पहिल्यासारखी होते. या दिवसांतल्या चाव्यावरून कोंबडी 'मारकी' ठरवू नये.

कोंबड्याचा हल्ला मात्र गांभीर्याने घ्यावा लागतो. वयात येणारा कोंबडा आधी एक पंख जमिनीकडे पाडून माणसाभोवती तिरका, अर्धवर्तुळात चालतो, जमिनीवर उगीच टोचतो, मग उडी घेऊन पायांवरचे टोकदार काटे मारतो. कळपात शिरलेला, कोंबड्या उचलणारा माणूस त्याला प्रतिस्पर्धी वाटतो. पळणारा माणूस हरलेला ठरतो आणि लाथ मारणारा लढाई स्वीकारतो, त्यामुळे दोन्हींनी हल्ले वाढतात. सावकाश हालचाल करणे, समोरून थेट चालून न जाणे, कोंबड्या त्याच्यादेखत न पकडणे आणि मुलांना त्याच्यापासून दूर ठेवणे हा उपाय. लहानपणी फार कुरवाळलेले कोंबडे माणसाची भीड न राहिल्याने पुढे अधिक अंगावर येतात, असा पुष्कळ पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. झुंजीसाठी जोपासलेली असील जात दुसऱ्या कोंबड्याला जिवंत सोडत नाही, पण माणसाच्या हातात ती बहुधा शांत असते. पक्ष्याशी भांडणे आणि माणसाशी भांडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिच्यावरून स्पष्ट होते.

ओळखीच्या माणसालाही कोंबडी कधी एकदम बिचकते. तिच्याकडे धोक्याच्या दोन वेगळ्या हाका असतात. घार-ससाण्यासाठी लांब, बारीक किंचाळी, तर मांजर, कुत्रा, मुंगसासाठी तुटक, चढत जाणारा कोलाहल. वरून झेपावणारी वस्तू तिच्यासाठी सर्वांत भयंकर असते. म्हणून छत्री उघडणे, डोक्यावर टोपली घेऊन येणे किंवा पाठीवर वरून हात घालणे यांनी ती उधळते. खाली बसून, बाजूने, पोटाखाली हात नेला तर तीच कोंबडी उचलू देते. तिचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने दूरचे पाहताना ती मान वळवून एका डोळ्याने रोखून बघते. नवख्या माणसाकडे असे बघणे ही चौकशी असते, तिरस्कार नव्हे.

बदकांचे संकेत कमी ओळखीचे असल्याने त्यांचा अर्थ चुकीचा लावला जातो. मोठा, कर्कश क्वॅक मादीचा असतो. नराचा आवाज घोगरा आणि दबका असतो, आणि त्याच्या शेपटीवर वर वळलेली एक-दोन पिसे असतात. माणूस पाणी किंवा खाणे घेऊन आला की बदके माना भराभर वर-खाली करत एकमेकांशी बोलतात. ही उत्सुकता आणि आपसातली संमती असते. मस्कोव्ही शेपूट हलवत, डोक्यावरचा तुरा उभारत, फुसफुसत जवळ येते ती स्वागतासाठी. हे फुसफुसणे धमकीचे समजून तिला हाकलणे बरोबर नाही. बदकाला उचलून घेतलेले सहसा आवडत नाही. त्याची जवळीक शेजारी बसण्यात, कपड्याचे टोक चोचीने चघळण्यात आणि मागे चालण्यात असते. डोके पूर्ण बुडेल इतके पाणी त्याला रोज लागते, कारण नाकपुड्या आणि डोळे ते त्यातच धुते. पाणी न मिळालेले बदक चिडचिडे होते, आणि पुष्कळ 'तापट' बदकांचा ताप एका घमेल्याने उतरतो. रात्री सगळीच बदके पूर्ण झोपत नाहीत. कळपाच्या कडेची बदके बाहेरच्या बाजूचा डोळा उघडा ठेवून मेंदूच्या एका अर्धभागाने जागी राहतात, हे 1999 मध्ये मॅलार्डांवर दाखवले गेले आहे. त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन अचानक खुराड्यात शिरणाऱ्या मालकालाही ती शत्रूच मानतात. माद्या कमी आणि नर जास्त असले तर नर कोंबड्यांवरही चढतात. त्यांच्या शरीररचनेमुळे कोंबड्यांना इजा होऊ शकते, म्हणून अशा वेळी दोन्ही कळप वेगळे ठेवावेत.

पक्ष्याच्या निश्चलतेचा अर्थ लावताना सर्वाधिक चूक होते. अथानासियस किर्शर यांनी 1646 मध्ये कोंबडी आडवी धरून तिच्या चोचीपुढे रेघ ओढली की ती तशीच पडून राहते, हा प्रयोग वर्णिला. पुढे त्याला संमोहन म्हटले जाऊ लागले. प्रत्यक्षात ही अतीव भीतीने येणारी ताठरता आहे, शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर येते तीच. आठवडी बाजारात पाय बांधून उलट्या धरलेल्या कोंबड्या गप्प असतात, त्या शांत झालेल्या नसतात. पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलेल तरच हवा आत-बाहेर होते. कोंबडी किंवा बदक कुशीत घट्ट आवळले तर ते गुदमरू शकते. एक हात छातीखाली, पाय बोटांमध्ये सैल धरलेले आणि पंख अंगाशी मिटलेले, ही धरण्याची योग्य रीत. बदकाला मान किंवा पाय धरून कधीच उचलू नये, त्याचे पाय नाजूक असतात आणि लवकर दुखावतात. पिसे गळून नवी येत असताना कोवळ्या, रक्ताने भरलेल्या पिसांना स्पर्श दुखतो. तेव्हा एरवी माणसाळलेला पक्षीही हाताखालून निसटतो.

हे पक्षी आजार लपवतात, कारण कळपात दुबळा दिसलेला पक्षी टोचला जातो आणि शिकाऱ्याच्या नजरेत येतो. त्यामुळे वागण्यातला बदल हाच पहिला इशारा असतो. दाण्याला न येणे, पिसे फुलवून कोपऱ्यात उभे राहणे, डोळे मिटत राहणे ही लक्षणे आहेत. सर्वांत फसवे लक्षण म्हणजे नेहमी पळणारी कोंबडी एका दिवशी निमूट हातात येणे. घरात ती 'माणसाळली' म्हणून कौतुक होते, पण तिला वेगळी ठेवून पशुवैद्याला दाखवण्याची ती वेळ असते. अनेक पक्षी एकदम मरू लागले तर पशुसंवर्धन खात्याला कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता. निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावर आणि विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात. म्हणून पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि लहान मुलांना पिल्लांचे मुके घेऊ देऊ नयेत.