निरोप कोणाचा?

१० ऑक्टोबर १९४५ च्या रात्री तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातल्या तलवाड्याला हजारो वारली जमले. गोदाराणीने सभेला बोलावलंय, असा निरोप पाड्यापाड्यांतून फिरला होता. गोदाराणी म्हणजे किसान सभेच्या नेत्या गोदावरी परुळेकर. त्यांनी तसा निरोप धाडलाच नव्हता. तो जमीनदारांच्या माणसांनी पेरला होता, आणि वारली हल्ल्याच्या तयारीने जमलेत, हेही जमीनदारांनीच सरकारच्या कानावर घातलं होतं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण गेले. बोलावणं खरंच आहे असं समजून बसलेली माणसं तरीही कित्येक तास जागची हलली नाहीत.

खोटा निरोप एवढा चालला, कारण त्याआधीचे काही महिने खरे निरोप पोहोचत होते. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद झाली. उंबरगावचे काही वारली तिथे जाऊन आले आणि ऐकलेलं त्यांनी पाड्यांवर सांगितलं. २३ मे रोजी तलासरी भागातल्या झरी गावी सुमारे ५,००० माणसं जमली. वेठ करायची नाही, मजुरीशिवाय जमीनदाराच्या शेतात पाय ठेवायचा नाही, असं तिथे ठरलं. लग्नासाठी उचललेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघंही सावकाराच्या घरी राबत. त्यांना लग्नगडी म्हणत. ती प्रथा याच लढ्यात मोडली. ना वर्तमानपत्र, ना पत्रक. वाचता येणारे तर फारच थोडे. सांगणारा आपल्या पाड्यातला, ओळखीचा असे, आणि तेवढ्यावर गावं उठून येत. गोदावरीबाईंनी हा सगळा काळ ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवला. त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

एकत्र येण्याच्या जुन्या जागा या भागात होत्याच. आठवडी बाजार, विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्रातली जत्रा आणि तारपा. तारपेकरी मधोमध उभा राहतो, नाचणारे एकमेकांच्या कमरेत हात घालून त्याच्याभोवती फिरतात. सूर बदलला की पाय बदलतात. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र कागदावर आणलं आणि ते जगभर गेलं. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

चित्र जगभर गेलं, तसं ते चित्रकारांच्या हातूनही निसटू लागलं. कुर्ते, चहाचे कप, हॉटेलांच्या भिंती, जाहिराती, सगळीकडे वारली आकृत्या दिसू लागल्या. २०१० च्या दिवाळीत कोका-कोलाच्या मोहिमेतही त्या होत्या. आकृती काढणारा वारली आहे की नाही, हे विचारणारं कोणी नव्हतं.

त्याच सुमारास डहाणू परिसरातली शिकलेली आदिवासी मुलं नोकरीनिमित्त मुंबई-पुण्याला आणि त्याहूनही लांब पांगली होती. ती इंटरनेटवर एकमेकांना शोधू लागली. त्यातून ‘आयुष’, म्हणजे आदिवासी युवा शक्ती, हा गट उभा राहिला. जोहार म्हणून सुरुवात करायची आणि शिक्षण, नोकरी, गाव, संस्कृती यांवर बोलायचं. ही मंडळी गप्पांवर थांबली नाहीत, आणि हेच त्यांचं मोठं काम वाटतं. त्यांनी आदिवासी युवा सेवा संघ ही संस्था रीतसर उभी केली. या संस्थेच्या प्रयत्नांतून २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालं.

एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली, मग स्वस्त मोबाइल आले आणि व्हॉट्सॲप पाड्यांत पोहोचलं. आता निरोपाला सांगणाऱ्याचा चेहरा उरला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुलं पळवणारी, अवयव चोरणारी टोळी फिरतेय, अशी अफवा या भागात मोबाइलवरून पसरली. १६ एप्रिलच्या रात्री डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारलं. तलवाड्याला खोट्या निरोपावर जमलेल्यांचेच जीव गेले. इथे अफवेवर जमलेल्यांनी वाटसरूंचे घेतले. दोन घटनांची बरोबरी करता येणार नाही. पण दोन्ही वेळी निरोप कुठून निघाला, हे विचारायला कोणी थांबलं नव्हतं.

इंटरनेटवरच्या गप्पांच्या जागा तर भराभर बदलत गेल्या. ऑर्कुट २०१४ मध्ये बंद झालं, याहूचे गट २०२० मध्ये. तिथे लिहिलेलं पुष्कळ त्यांच्याबरोबरच गेलं. वारली चित्रकलेच्या भौगोलिक मानांकनाची नोंद मात्र चेन्नईच्या नोंदणी कार्यालयात आदिवासी युवा सेवा संघाच्या नावाने आहे. ती दर १० वर्षांनी नव्याने करून घ्यावी लागते, आणि आपण खरोखर याच परंपरेतले आहोत, असं सांगू पाहणाऱ्या चित्रकाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळा अर्ज भरावा लागतो. पाड्यावरच्या चित्रकारापर्यंत तो अर्ज नेऊन पोहोचवणारं माणूस अजूनही ओळखीचंच लागतं.