घड्याळांत न उमटलेली वेळ

शाळामास्तराच्या हातीं हजेरीपट आला कीं एक प्रश्न त्याची पाठ सोडीत नाहीं. मूल दिवसभर वर्गांत बसलेलें असतें, परंतु पटावर त्याच्या नांवापुढील जागा कोरीच राहते. महिनाअखेर बेरीज करतांना त्यास हजर धरावें कीं गैरहजर ? शाळेंत ही शंका किरकोळ ठरते. कारखान्यांत मात्र तीच कामगाराच्या पोटावर येते.

अमेरिकेंतील ऑबर्न गांवचे एक जवाहिरे विलर्ड बंडी यांनीं १८८८ सालीं हजेरीचें घड्याळ बनविलें. प्रत्येक कामगाराची किल्ली निराळ्या क्रमांकाची. ती फिरवितांच क्रमांक व वेळ कागदी पट्टीवर छापली जाई. आतां कारकुनाची मर्जी संपली, असें कोणासही वाटावें. पण यंत्रास फक्त किल्लीची फेरी कळते. जो किल्ली फिरविण्यास विसरला, जो रांगेंत अडकला, त्याची दाद त्यास नाहीं. आणि छापलेल्या वेळेंतील पगाराची किती, हें तर माणूसच ठरवितो.

या प्रश्नाचा निवाडा मिशिगन राज्यांतील माउंट क्लेमेन्स येथील भांड्यांच्या कारखान्यामुळें झाला. तेथें सुमारें १,२०० माणसें होतीं. एकेका घड्याळापाशीं २०० जण येत. मिनिटास सरासरी २५ जणांचीच नोंद होई. पाळीच्या आधीं व नंतर १४ मिनिटांची मुभा असे. सकाळीं ६-४६ ला आंत, दुपारीं १२-१४ ला बाहेर, पुन्हां १२-४६ ला आंत व ४-१४ ला बाहेर, अशी नोंद झाली तरी पगार नेमक्या आठ तासांचाच. घड्याळाचीं ५६ मिनिटें हिशेबांतून गळत. त्यांपैकीं काम किती व खोळंबा किती, हें कोणत्याच कागदावर नव्हतें.

१९३८ च्या कायद्यानें कामाच्या तासांची नोंद ठेवण्याचें कर्तव्य मालकावर घातलें होतें. खालच्या अपील न्यायालयानें नेमका हिशेब कामगारांकडे मागितला. १० जून १९४६ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या वतीनें न्यायमूर्ति मर्फी यांनीं तो दंडक उलटविला. मोबदल्याविना काम झालें व तें अदमासें किती झालें, एवढें कामगारानें वाजवी अनुमानानें दाखवावें. मग तें खोडून काढण्याचा भार मालकावर. ज्यानें नोंद नीट ठेविली नाहीं, त्यानेंच नोंदीच्या उणीवेचा लाभ घेऊं नये, हें त्यांतील मर्म.

पुढच्याच वर्षीं, १९४७ त, अमेरिकन काँग्रेसनें कायदा करून कामाच्या जागेपर्यंत चालण्याचा वेळ बहुतांशीं पगारांतून वगळला. भांड्यांच्या कामगारांच्या पदरीं फारसें पडलें नाहीं. परंतु हरवलेल्या नोंदीविषयींचें तत्त्व टिकलें. २०१६ सालीं आयोवा राज्यांतील मांसाच्या कारखान्याच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें त्याचाच आधार घेतला.

आज हजेरी संगणकांत उमटते. तेथेंही कोऱ्या जागेचा अर्थ 'काम नाहीं' असा नव्हे; 'चौकशी करा' असा आहे. आणि दुरुस्ती करतांना जुना आंकडा पुसूं नये. हजेरीपटावर आम्ही चुकीवर एकच रेघ ओढीत असूं, खालचें अक्षर वाचतां येईल अशी. शेजारीं तारीख व सही. कोणीं, केव्हां व कां बदललें हें दिसलें म्हणजे दुरुस्ती न्यायाची ठरते. खोडरबरानें चूक जात नाहीं, श्रोतेहो. जातो तो केवळ पुरावा.