मिश्रित विमान इंधनाचे उष्णता-स्थैर्य

मिश्रित विमान इंधनाचे उष्णता-स्थैर्य म्हणजे खनिज तेलापासून मिळवलेले केरोसीन व संश्लेषित घटक यांच्या मिश्रणाची, तापवले असता घन निक्षेप न सोडता टिकून राहण्याची क्षमता होय. जेट विमानात इंधन जळण्यापूर्वी शीतकाचेही काम करते. वंगण तेलाची उष्णता शोषून ते ज्वलनकक्षाकडे जाते आणि या प्रवासात त्याचे तापमान १५० °से.च्या आसपास पोहोचू शकते. फवारा-तोटीच्या अरुंद मार्गात साचलेला पातळ थरही फवाऱ्याचा आकार बिघडवतो. ज्वाला असमान होऊन टर्बाइनच्या काही भागांवर जास्त उष्णता पडते.

रासायनिक प्रक्रिया

हवेच्या संपर्कात राहिलेल्या इंधनात दर दशलक्ष भागांत सुमारे ६० ते ७० भाग ऑक्सिजन विरघळलेला असतो. निक्षेपासाठी एवढा पुरतो. तापलेल्या इंधनात मुक्त मूलकांची साखळी सुरू होऊन हायड्रोपेरॉक्साइडे तयार होतात. इंधनातील फिनॉले, तसेच गंधक व नायट्रोजन असलेली संयुगे यांची त्यांच्याशी विक्रिया होऊन गडद, लाखेसारखा थर धातूवर चिकटतो. विरघळलेले तांबे अत्यल्प असले तरी या प्रक्रियेला वेग देते.

येथे एक विसंगती आढळते. चटकन ऑक्सिडीभवन होणारे इंधन बहुधा कमी निक्षेप देते आणि सावकाश ऑक्सिडीभवन होणारे इंधन अधिक. कारण फिनॉलांसारखी जी संयुगे साखळी तोडून ऑक्सिडीभवन रोखतात, तीच पुढे निक्षेपाचा कच्चा माल ठरतात.

मिश्रणाचा परिणाम

वनस्पती तेले व चरबी यांवर हायड्रोजन-प्रक्रिया करून मिळणारा ‘हेफा’ घटक जवळजवळ निव्वळ पॅराफिनांचा असतो. त्याला २०११ मध्ये ५० टक्क्यांपर्यंत मिसळण्याची मान्यता मिळाली. त्यात निक्षेपक संयुगे नसल्यासारखीच असल्याने तो तापवल्यावर स्वच्छ राहतो. पण नैसर्गिक संरक्षणही नसल्यामुळे साठवणीत त्यात पेरॉक्साइडे वाढू शकतात. पेरॉक्साइडे इंधनप्रणालीतील रबरी भागांना मारक असतात. म्हणून एएसटीएम डी७५६६ (प्रथम प्रसिद्धी २००९) या मानकानुसार अशा घटकात दर लिटरला १७ ते २४ मिलिग्रॅम प्रतिऑक्सिडीकारक घालणे बंधनकारक आहे.

दोन इंधने मिसळल्यावर गुणधर्मांची सरळ सरासरी मिळत नाही. थोडेसे साधे केरोसीनही शुद्ध पॅराफिनी इंधनाचे ऑक्सिडीभवन बरेच मंदावते, तर निक्षेपाचे प्रमाण त्या केरोसिनातील संयुगांवर ठरते. त्यामुळे एका शुद्धीकरण कारखान्याच्या केरोसिनावरील निष्कर्ष दुसऱ्याच्या केरोसिनाला लागू करणे धोक्याचे असते.

चाचणी

एएसटीएम डी३२४१ या चाचणीत तापवलेल्या नळीवरून इंधन मिनिटाला ३ मिलिलिटर या वेगाने अडीच तास वाहू देतात. नंतर नळीवरील डागाचा रंग किंवा थराची जाडी आणि गाळणीवरील दाबाचा फरक पाहतात. फरक २५ मिमी पाऱ्यापेक्षा जास्त नसावा. साध्या व मिश्रित इंधनासाठी तापमान २६० °से., तर मिसळण्यापूर्वीच्या हेफासाठी ३२५ °से. असते. ही चाचणी निक्षेप मोजते, ऑक्सिडीभवनाचा वेग नव्हे. साठवणीतील वर्तनाविषयी तिच्यावरून अनुमान काढता येत नाही.

हेफा आणि बायोडिझेल एक नव्हेत. बायोडिझेल म्हणजे मेदाम्लांची मिथिल एस्टरे. डिझेल वाहून नेलेल्या सामाईक वाहिन्यांतून ती विमान इंधनात शिरतात आणि उष्णता-स्थैर्य घटवू शकतात. त्यांची मर्यादा किलोग्रॅममागे ५० मिलिग्रॅम आहे.

भारतातील वापर

डेहराडून येथील भारतीय पेट्रोलियम संस्थेने जट्रोफा तेलापासून बनवलेले मिश्रित इंधन वापरून २७ ऑगस्ट २०१८ रोजी स्पाइसजेटच्या विमानाने डेहराडून–दिल्ली उड्डाण केले. मे २०२३ मध्ये पुणे–दिल्ली मार्गावरील एअरएशिया इंडियाच्या प्रवासी विमानात पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने देशी कच्च्या मालापासून तयार केलेला घटक मिसळलेले इंधन वापरण्यात आले.