वेगाची वेगळी वाट

जपानच्या शिझुओका प्रांतातल्या कान्नामी या गावात एका वस्तीचे नाव 'शिनकानसेन' असे आहे. बुलेट ट्रेनवरून ते पडले असेल, असे आपल्याला साहजिकच वाटते. पण ही वस्ती त्या गाडीहून वयाने मोठी. 1941 साली जवळच्या डोंगरात शिन-तान्ना बोगदा खणायला सुरुवात झाली, तेव्हा कामगारांचा तळ इथे पडला. दोन वर्षांत युद्धाने काम थांबवले, बोगदा अर्धवट राहिला, नाव मात्र जागेला चिकटून राहिले. शिनकानसेन या शब्दाचा अर्थ 'नवा मुख्य मार्ग'. हे नाव मुळात गाडीचे नाही, वाटेचे आहे, आणि या साऱ्या इतिहासाचे मर्म मला त्यातच दिसते. वेगवान इंजिने अनेक देशांनी घडवली; वेगासाठी निराळी वाट बांधायची, हा विचार रुजायला मात्र फार काळ लागला.

त्या विचाराचा माग काढायचा तर आपल्याला 15 सप्टेंबर 1830 या दिवसापाशी जावे लागते. त्या दिवशी इंग्लंडमधल्या लिव्हरपूल आणि मँचेस्टर या दोन शहरांना जोडणारा 31 मैलांचा लोहमार्ग सुरू झाला. एक बंदराचे शहर, दुसरे कापडगिरण्यांचे. वाटेत चॅट मॉस नावाची अफाट दलदल होती. मार्गाचा अभियंता जॉर्ज स्टीफन्सन याने तिच्यावर झुडपांच्या फांद्यांचे आणि विणलेल्या तट्ट्यांचे थर अंथरून रूळ अक्षरशः तरंगते ठेवले. दोन रुळांमधले अंतर त्याने ठेवले 4 फूट 8½ इंच, म्हणजे आजचे 1435 मिलिमीटर. ते खाणींच्या रूळवाटांवरून आलेले माप होते. त्यामागे वेगाचा काही हिशेब नव्हता. पुढे जगाच्या मोठ्या भागात तेच प्रमाण ठरले. हिंदुस्थानात गव्हर्नर-जनरल डलहौसीला 6 फूट हवे होते. शेवटी 5 फूट 6 इंचांवर तडजोड झाली आणि 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला निघालेली गाडी त्याच मापाच्या रुळांवरून धावली. जपानने 1872 मध्ये तोक्योच्या शिंबाशीहून योकोहामापर्यंत पहिला मार्ग टाकला, तो अवघ्या 3 फूट 6 इंचांचा. डोंगराळ देशाला अरुंद मार्ग स्वस्तात पडतो, हा त्यामागचा विचार. त्याची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली.

जपानच्या रेल्वे खात्याचे पहिले प्रमुख गोतो शिंपेई यांनी रूळ रुंद करण्याचा आग्रह धरला. 1917 साली शिमा यासुजिरो या अभियंत्याने योकोहामाजवळ जादा रूळ टाकून रुंदीकरणाच्या चाचण्याही घेतल्या. पण नंतरच्या हारा ताकाशी यांच्या सरकारला असलेले मार्ग रुंद करण्यापेक्षा गावोगावी नवे फाटे नेणे महत्त्वाचे वाटले आणि ती योजना बारगळली. गावाला आधी रेल्वे पाहिजे, हे म्हणणेही खोटे नव्हते. शिमांनी मात्र हार मानली नाही. 1939 मध्ये नव्या मुख्य मार्गासाठी समिती बसली, तिच्या अध्यक्षपदी तेच होते. प्रमाण मापाचे रूळ, ताशी 200 किलोमीटर वेग, तोक्योहून शिमोनोसेकीपर्यंत सरळ वाट. लोक त्या नियोजित गाडीला 'दांगान रेश्शा' म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी गाडी म्हणू लागले. बुलेट ट्रेन या नावाचे मूळ इथे सापडते.

1955 साली सोगो शिंजी वयाच्या 71व्या वर्षी जपानी राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष झाले. तरुणपणी त्यांनी गोतोंच्या हाताखाली काम केले होते. मुख्य अभियंता म्हणून त्यांनी कोणाला बोलावले? शिमा यासुजिरो यांचे चिरंजीव शिमा हिदेओ यांना. वडिलांचे अपुरे काम मुलाच्या हाती आले. मदतीला युद्धकाळात विमाने घडवणारे तंत्रज्ञ होते. गाडीचा वेग वाढला की चाकांची जोडी रुळांवर डावी-उजवीकडे नागमोडी डुलू लागते, आणि एका मर्यादेपलीकडे हेच डुलणे गाडी रुळांवरून उतरवते. हा दोष रुळांचा मानला जाई. विमानाच्या पंखांची थरथर अभ्यासलेल्या मात्सुदाइरा तादाशी यांनी दाखवून दिले, की चाकांच्या बोगीची स्प्रिंगांची मांडणी नीट केली तर हे डुलणे आवरता येते. ताशी 200 किलोमीटरचे दार इथे उघडले, असे मला वाटते.

20 एप्रिल 1959 रोजी तोक्यो-ओसाका मार्गाच्या कामाचा मुहूर्त झाला तो त्याच शिन-तान्ना बोगद्याच्या तोंडाशी. जागतिक बँकेने 1961 मध्ये 8 कोटी डॉलर कर्ज दिले. खर्च मात्र मूळ अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट, 380 अब्ज येनांवर गेला. 1963 मध्ये सोगो पायउतार झाले, शिमांनीही पद सोडले. 1 ऑक्टोबर 1964 च्या पहाटे तोक्यो स्थानकावर फीत कापली गेली, तेव्हा या दोघांना निवडलेल्या पाहुण्यांत जागा नव्हती. शिमांनी तो सोहळा घरी दूरचित्रवाणीवर पाहिला. हे वाचताना आजही मन खंतावते.

या मार्गावर एकही फाटक नव्हते, मालगाडी नव्हती, आणि रुळांलगतचे सिग्नलही नव्हते. वेगमर्यादा थेट चालकाच्या समोर उमटे. मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत गाड्या बंद. तेवढ्या वेळात माणसे दिवे घेऊन रूळ तपासत चालत जात, आजही जातात. टक्कर किंवा गाडी घसरून या मार्गावर आजवर एकही प्रवासी दगावलेला नाही, त्यात या रात्रपाळीचा वाटा मोठा आहे.

फ्रान्सने 1981 मध्ये पॅरिस-लियाँ मार्गावर हाच विचार वेगळ्या रीतीने वापरला: नवी वाट शहराबाहेर, शहरात शिरताना जुनेच रूळ. स्पेनचे जुने रूळ आपल्यासारखे रुंद होते. 1992 मध्ये माद्रिद-सेव्हिल मार्ग बांधताना त्या देशाने निग्रहाने 1435 मिलिमीटरचे माप घेतले. आपल्याकडे 14 सप्टेंबर 2017 रोजी पायाभरणी झालेल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाचेही माप तेच आहे. तोक्यो-ओसाका 515 किलोमीटर, मुंबई-अहमदाबाद 508. जपानी धर्तीवर इथेही खडीऐवजी काँक्रीटच्या लाद्यांवर रूळ बसतात. आणि वेगळी वाट म्हटली की जमीन आलीच. पालघरच्या शेतकऱ्यांनी आणि आदिवासींनी भूसंपादनाला विरोध केला, ग्रामसभांनी ठराव केले. सरळ रेषा कागदावर ओढणाऱ्याला वाटेतली विहीर आणि चिकूची बाग दिसली पाहिजे, अशी त्यांची मागणी मला रास्त वाटते.

वांद्रे-कुर्ला संकुलातून निघालेला हा मार्ग 21 किलोमीटर बोगद्यातून जातो, त्यातले 7 किलोमीटर ठाण्याच्या खाडीखालून. एकाच नळीत जाण्याचा आणि येण्याचा, असे दोन्ही मार्ग. वर हिवाळ्यात चिखलात चोच बुडवून उभे असलेले रोहित पक्षी, आणि खाडीच्या वरच्या अंगाला ते ठाणे, जिथे 1853 च्या गाडीचा प्रवास संपला होता.