पॉवर प्रेसवर बोट गेलं तर पुढे काय होतं?

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या लहान कारखान्यांत पॉवर प्रेसवर दिवसभर एकच काम चालतं: डायमध्ये पत्रा ठेवायचा, पेडल दाबायचं, भाग काढायचा. क्लच किंवा ब्रेक झिजला असेल तर पेडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. हात तेव्हा आतच असतो. दोन्ही हातांनी बटणं दाबल्याशिवाय न चालणारा प्रेस किंवा सेन्सर हे टाळू शकतो. यंत्रांच्या धोकादायक भागांना संरक्षक आवरण हवंच, असं १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ने बजावलं होतं.

ईएसआयच्या तक्त्यात पूर्ण तर्जनी गेल्यास कमाईची क्षमता १४ टक्के घटली, असं धरतात. मधलं बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७, अंगठा ३०. हात उजवा की डावा, हे तक्ता विचारत नाही. रोजची मजुरी ५०० रुपये असेल, तर तिचे ९० टक्के म्हणजे ४५०, आणि त्याचे १४ टक्के म्हणजे ६३ रुपये रोज, आयुष्यभर. पण त्यासाठी अपघाताची नोंद हवी. कारखान्याच्या अपघात वहीत ती झाली नसेल, तर जखम कामावरच झाली हे सिद्ध करताना कामगाराची दमछाक होते.

जखम भरल्यावरही त्रास उरतो. थंडीत खुंट ठणकतो. कापलेल्या नसेच्या टोकाला गाठ झाली, तर नुसत्या स्पर्शानंही कळ येते. काहींना नसलेलं बोटच दुखतं; डॉक्टर त्याला फँटम पेन म्हणतात. पकड सैल झाल्यानं बारीक नट हातातून निसटतो, आणि घरी शर्टाचं बटणही चटकन लागत नाही.